तायडे मॅडमचं राहिलेलं उत्तर

उन्हाळा लागला की दिघेकाका अजूनही दुपारी आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये येतात. छत्री दाराशी टेकवतात, माठातलं पाणी पितात आणि खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत ऊन उतरेपर्यंत बसून राहतात. आता तिथे काही कार्यक्रम नसतो. गेल्या महिन्यात मी त्यांना विचारलं, "काका, कुणी बोलायलाही नसतं इथे. कंटाळा नाही येत?"

"येतो ना. पण काय करणार? माझ्या एका सवालाचं उत्तर बाकी आहे मॅडमजींकडे."

मॅडमजी जाऊन दोन उन्हाळे झाले. हे काकांना माहीत आहे आणि त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत आहे. मी माठ भरून ठेवला आणि घरी आलो. तेव्हापासून वाटतंय की तायडे मॅडमबद्दल कुणीतरी लिहायला हवं. लिहिणारा माणूस मी नव्हे. पण इथे त्यांना शेवटपर्यंत जवळून पाहणारा मीच होतो, आणि पाहूनही बराच काळ मला काही कळलेलं नव्हतं.

डॉक्टर तायडे हवामानशास्त्रज्ञ होत्या. आजोबा महूला फौजेत, वडील इथल्या परदेशीपुऱ्यातल्या कापड गिरणीत. त्या शिकल्या, पुण्याला गेल्या, सगळी नोकरी तिकडेच केली आणि निवृत्त झाल्यावर मुलीच्या घरी न जाता इंदूरला, आमच्या गल्लीत राहायला आल्या. हवामानवाली बाई म्हणजे आभाळाकडे बघणारी असणार अशी आमची समजूत. मॅडम आभाळाकडे फारशा बघत नसत. त्या भिंतींना हात लावत.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी त्या फिरायला निघत. सुती साडी, पायांत कापडी बूट. चालता चालता कुठल्याही घराच्या भिंतीला हाताची उलटी बाजू टेकवत, आजारी पोराच्या कपाळाला आई टेकवते तशी. क्षणभर थांबत आणि पुढे जात. गल्लीतल्या लोकांना पहिल्या आठवड्यात वाटलं की बाई महापालिकेकडून आल्या आहेत आणि कुणाचं तरी बांधकाम पाडणार आहेत. शेजारच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत दिघेकाका एकटे राहतात. ते कठड्यावरून वाकून ओरडले, "ओ मॅडमजी, भिंत पडून राहिली काय आमची?"

मॅडमनी वर पाहिलं. शांतपणे म्हणाल्या, "शक्यता कमी आहे."

दोघांची ओळख झाली ती अशी.

'शक्यता' हा त्यांचा शब्द होता. नक्की, कायम, कधीच नाही, असलं काही त्यांच्या तोंडून निघत नसे. माझी बायको विचारायची, "मॅडम, चहा घेणार ना?" तर म्हणायच्या, "शक्यता बरीच आहे." सकाळी कोपऱ्यावर पोहे खायला येत, पर्समधून जिरावन मसाल्याची डबी काढत, कारण ठेल्यावरचं जिरावन कमी तिखट असण्याची शक्यता असे. मला त्या 'अरे विनय' म्हणत. मी पन्नाशीचा, सांवेर रोडवरच्या कारखान्यात मॅनेजर, आणि त्यांच्या 'अरे'नं मला शाळेत गेल्यासारखं वाटे.

आमचा कारखाना कूलर आणि एसीचे पत्र्याचे खोके बनवतो. हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, कबुली दिल्यासारखं. माझा स्वभावच तसा आहे. नळ गळत राहिला तरी मला रात्रभर अपराधी वाटतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "बरं. पत्रा कितीचा वापरता?" आणि जाडीबद्दल बोलत बसल्या.

आयुष्यभर त्यांनी रात्रींचा अभ्यास केला होता. "लोक दुपारच्या उन्हाबद्दल बोलतात," त्या म्हणायच्या. "मी रात्री मोजल्या. दिवस तापणारच. रात्री निवतं की नाही, ते बघायचं." त्या बोलू लागल्या की आवाज खाली येई, आणि ऐकणाऱ्याला आपण कुठे बसलोय याचा विसर पडे. त्यांच्या लहानपणी परदेशीपुऱ्यात सगळी वस्ती गच्च्यांवर झोपायची. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, तापलेल्या फरशीतून वाफ निघायची, गाद्या घातल्या की त्या थोड्या वेळात गार पडायच्या. वारा बेटमा गावाच्या बाजूनं, शेतांवरून यायचा. पहाटे अंगावर गोधडी ओढावी लागे. "भर वैशाखात," त्या म्हणत. "शेजारच्या गच्चीवर कुणी कूस बदलली तरी ऐकू यायचं. सगळं गावच एका मोठ्या पलंगावर झोपलंय असं वाटायचं मला."

माळव्याच्या गार रात्रींबद्दल इंदूरमध्ये सगळेच अभिमानानं बोलतात. त्या रात्री आता तशा उरल्या नाहीत, हे मात्र कुणाला ऐकायचं नसतं. मॅडम ते सांगायला परत आल्या होत्या. आपल्या माणसांत, आपल्या भाषेत. एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती मोठी होती हे मला तेव्हा कळलं नाही.

त्यांच्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझ्या बेडरूमच्या एसीचं बाहेरचं यंत्र आमच्या आणि काकांच्या इमारतीमधल्या बोळात होतं. एका संध्याकाळी मॅडम त्या बोळात उभ्या. भिंतीला हात लावला, मग हवेत धरला. मला खाली बोलावलं.

"विनय, ही गरम हवा कुठे जाते रे?"

मी वर बघितलं. बोळाच्या वरच्या टोकाला काकांची खिडकी होती. मी बोलत सुटलो, की माझ्या लक्षातच आलं नाही, मी किती स्वार्थी आहे, मी हे खोकेच बनवतो आणि तरी मला दिसलं नाही, काका एकटे असतात, त्यांचं वय. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं? आता मिस्त्रीला फोन कर. वाईट वाटून हवा गार होत नाही."

यंत्र रस्त्याच्या बाजूला गेलं. काकांना आम्ही काही सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात ते पोह्यांच्या ठेल्यावर सगळ्यांना ऐकवत होते, "देखो, यंदा उन्हाळा तो हलका आहे. रात्री मस्त झोप येते. कुठे गेला तुमचा हवामानबदल, मॅडमजी?"

मी तोंड उघडणार तोच मॅडमनी माझ्या ताटलीत शेव टाकली आणि म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तसं असण्याची शक्यता आहे, काका."

मंडळात त्यांचं व्याख्यान ठरलं ते त्याच वर्षी, थंडीत. विषय होता माळव्याच्या रात्री. हॉल भरला होता. व्याख्यानाच्या थोडेच दिवस आधी गल्लीत एक साखरपुडा होता, आणि लोकांनी मॅडमना विचारलं होतं की पाऊस येईल का. शक्यता कमी आहे, असं त्या म्हणाल्या होत्या. नेमका आला. मांडव भिजला, जिलब्या भिजल्या. मॅडम छत्री घेऊन गेल्या, ओली जिलबी खाल्ली, यजमानांना म्हणाल्या, "कमी म्हणजे शून्य नव्हे हो," आणि कुणालाही ते उत्तर आवडलं नाही. त्यामुळे हॉलमध्ये ऐकायला आलेल्यांपेक्षा हसायला आलेले जास्त होते.

त्या छान बोलल्या. समुद्र, ढग, जमीन, धूर, सगळं एखादी जुनी हकीकत सांगावी तसं. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि दिघेकाका उभे राहिले.

"मॅडमजी, सीधा सवाल. हे सगळं होणार, हे शंभर टक्के का?"

"शंभर टक्के असं विज्ञानात काही नसतं, काका. पण फार मोठी शक्यता..."

"म्हणजे नाही." काका सभेकडे वळले. "ऐकलं? त्यांनाच पक्कं माहीत नाही. आणि अपन डरायचं." टाळ्या पडल्या. काका खाली बसले नाहीत. त्यांचा आवाज बदलला. "मी विव्हिंग खात्यात होतो. आमच्या गिरणीत पण आले होते असेच शिकलेले लोक. बॅगा घेऊन. आठ दिवस फिरले, तक्ते दाखवले, म्हणाले, ही गिरणी चालू शकत नाही. आम्हाला कुणी विचारलं नाही. गेली गिरणी. तेव्हापासून तक्ता दाखवला कुणी, की मी पहिले त्याची बॅग बघतो."

मी मंडळाचा सचिव, माइक माझ्या हातात होता. मॅडमना बोलायला द्यावं, की काकांना बसवावं, मला सुचेना. मॅडम माइकशिवायच म्हणाल्या, "माझे वडील स्पिनिंगला होते. त्याच गिरणीत. गिरणी बंद झाल्यावर सकाळी डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी यायचे. कुठे जात होते ते आईलाही माहीत नव्हतं."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "नाव काय त्यांचं?"

मॅडमनी नाव सांगितलं. काकांनी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकवला. मग म्हणाले, "ते तो चांगले होते. पण तुमचं मला मान्य नाही." आणि बसले.

पुढच्या उन्हाळ्याला मॅडम घाबरल्या होत्या. चैत्रातच भिंती दिवे लागल्यावरही तापलेल्या लागत, आणि त्या हात लावून लवकर परतू लागल्या. एकदा माझ्याकडे आल्या आणि न बसता म्हणाल्या, "विनय, मला त्या पत्र्याच्या खोलीची काळजी वाटते. दिवसभर तापलेल्या शरीराला काही तास तरी गारवा मिळाला पाहिजे. तरण्या माणसाचं भागतं. काकांचं नाही भागणार."

मंडळाचा हॉल तळमजल्यावर आहे. जाड भिंती, दगडी फरशी, बाहेर कडुलिंब. त्यांनी सुचवलं की दुपारी तो उघडा ठेवावा, वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारावं, माठ ठेवावा, म्हाताऱ्या माणसांनी येऊन बसावं. समितीनं नाखुशीनं होकार दिला. मी हॉलबाहेरच्या फळ्यावर लिहिलं, 'ज्येष्ठांसाठी गारवा कक्ष'. कुणी आलं नाही. मी स्वतः काकांना बोलवायला जिना चढून गेलो. वर पत्रा तडतडत होता. काका ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसले होते.

"मी बीमार आहे काय? मॅडमजींना सांग, मला डरवू नका. आणि त्यांच्या कक्षात गेलो मतलब मी त्यांचं मानलं, असं होईल ना."

खाली आलो आणि मॅडमना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, खडू मागितला, फळा पुसला आणि आपल्या स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'रोज दुपारी जाहीर वाद. हवामान बदलतंय का? बाजू मांडणार डॉ. तायडे. खोडून काढणार श्री. दिघे.'

दुसऱ्या दिवशी बाराच्या आत काका हजर होते. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावलेलं. त्यांच्या मागे बघे आले. वेताच्या दोन खुर्च्या समोरासमोर होत्या, मध्ये माठ. वाळ्याच्या पडद्यांतून हिरवट उजेड आत यायचा, थेंब टपकायचे, आणि त्या ओल्या वासात दोन म्हातारी माणसं भांडायची. बाहेर रस्त्यावर पाऊल ठेववत नव्हतं. आत आल्यावर एखाद्या जुन्या विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं वाटे, आवाज लांबून येत, वेळ कळत नसे.

"सूरजच तेज झाला असेल तो?"

"नाही काका, ते पाहिलंय आम्ही."

"तुम्हीच पाहणार, तुम्हीच सांगणार. आमच्या गिरणीसारखं."

"मग तुम्ही पाहा. मी दाखवते."

"तुमचा चष्मा लावून?"

लोक हसत. मॅडमही हसत. आणि रोज, ऊन उतरायला लागलं की, काका एखादा प्रश्न टाकत आणि मॅडम गप्प होत. पदराशी चाळा करत. मग म्हणत, "याचं उत्तर... उद्या सांगते." काका विजयी मुद्रेनं सभेकडे बघत. "लिहून घ्या भिया. आज पण निरुत्तर."

मला ते सहन होईना. मी त्यांच्या घरी बसून जे ऐकलं होतं, त्यातच काकांच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं होती. मला वाटलं वयानं त्यांना आठवत नसेल. एका दुपारी काकांनी विचारलं, "पुढच्या आठवड्याचा पाऊस सांगता येत नाही, तो पुढच्या पन्नास वर्षांचं काय सांगता?" आणि मॅडम पुन्हा, "उद्या सांगते." लोक गेल्यावर मी खुर्च्या लावता लावता म्हणालो, "मॅडम, हे तर तुम्ही मला समजावलं होतं. एक वळू कुठे जाईल ते सांगता येत नाही, पण उन्हात कळप झाडाकडे सरकणार हे सांगता येतं, असं. विसरलात का?"

"नाही रे, आठवतं सगळं."

"मग दिलं का नाही उत्तर?"

त्या भिंतीला हात टेकवून उभ्या होत्या. भिंत गार होती. "आज दिलं, तर उद्या कशाला येतील ते?"

मी हातातली खुर्ची खाली ठेवली.

"खोटं नाही ना बोलत मी?" त्यांनी विचारलं, खरोखरच विचारल्यासारखं. "उत्तर दुसऱ्या दिवशी देतेच. फक्त एक मागे ठेवते. उशीर करते एवढंच."

उत्तर त्या खरंच देत. पण आदल्या दिवशीचे बघे दुसऱ्या दिवशी असतीलच असं नव्हतं. कुणीतरी त्यांच्या गप्प बसण्याची क्लिप काढली. पदराशी चाळा करणारे हात, समोर काकांचा वर गेलेला अंगठा, आणि खाली अक्षरं, 'वैज्ञानिक मॅडम निरुत्तर'. ती गल्लीच्या ग्रुपवर आली, मग दुसऱ्या ग्रुपांवर, मग पुण्याहून त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन येऊ लागले. एकानं विचारलं म्हणे, की तुम्ही आम्हाला मान खाली का घालायला लावताय. मी संतापून फोन घेऊन त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, "मी सगळ्यांना खरं काय ते सांगतो."

"सांगशील, ते काकांच्या कानावर जाईल, आणि ते वर जाऊन बसतील. दाखव इकडे."

त्यांनी क्लिप दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा फोन डोळ्यांजवळ धरला. "काका जरा सुकलेत, नाही? उद्यापासून लिंबू-साखर-मिठाचं पाणी ठेव. माठातलंच आहे म्हणून सांग." फोन मला परत दिला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "वाईट वाटतं हं, विनय. तुला खोटं कशाला सांगू. एवढ्या वर्षांनी घरी आले, वाटलं होतं आपली माणसं ऐकतील."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्यासारखा माणूस एरवी किती बोलतो. मी फक्त लिंबं आणली.

त्या वर्षीची ती सगळ्यात वाईट दुपार अजून डोळ्यांपुढे आहे. हॉलमध्ये बघ्यांपैकी कुणीच आलं नाही, घराबाहेर पडायची कुणाची हिंमत नव्हती. काका मात्र छत्री घेऊन आले होते. कारखान्यात वीज गेल्यामुळे मी लवकर सुटलो आणि पडद्यांवर पाणी मारायला गेलो. दाराबाहेरूनच मॅडमचा आवाज ऐकू आला. नेहमीसारखा वाद चालला होता, फक्त फार हळू. मी पडदा बाजूला केला.

काका झोपले होते. मान खुर्चीच्या पाठीवर, तोंड थोडं उघडं, एक चप्पल पायातून निसटलेली. कपाळावर घाम नव्हता. समोर मॅडम बसल्या होत्या आणि बोलत होत्या. मला पाहून त्यांनी तळहातानं खूण केली, तिथेच थांब. आवाज बंद पडला तर ते जागे होतील आणि उठून वर जातील, हे मला त्या खुणेतून कळलं.

हिरव्या उजेडात थेंब टपकत होते. मॅडम त्यांना गच्च्यांबद्दल सांगत होत्या, पाणी मारलेल्या फरशीबद्दल, बेटम्याकडून येणाऱ्या वाऱ्याबद्दल. मध्येच थांबून त्या काकांच्या बाजूनं बोलायच्या, थेट त्यांच्या ढंगात. "पण मॅडमजी, तेव्हा अपन जवान होतो. जवानीत रात्र गारच लागते." मग आपल्या आवाजात, "हा मुद्दा चांगला आहे, काका. म्हणूनच आम्ही माणसांना नाही विचारत, पाऱ्याला विचारतो." पुन्हा काकांचा सूर, "पारा पण तुमचाच." आणि त्यावर त्या स्वतःशीच हसल्या.

बोलता बोलता त्या पुढे वाकल्या आणि हाताची उलटी बाजू काकांच्या कपाळाला टेकवली. क्षणभर थांबल्या, गार आहे अशी मान हलवली आणि पुन्हा मागे टेकून बसल्या.

त्याच पावसाळ्यात मुलगी त्यांना न्यायला आली आणि हिवाळ्यात तिच्याकडेच त्या वारल्या. त्या इथून निघाल्या तेव्हा मी कारखान्यात होतो, स्टेशनवर पोचू शकलो नाही. त्यामुळे माझ्यासाठी मॅडम अजून त्याच दुपारी आहेत. मी पडदा हातात धरून उभा आहे, बोटांवरून पाणी ओघळतंय, आत जात नाही, बाहेरही येत नाही.

"आखरी सवाल, मॅडमजी," त्या झोपलेल्या काकांच्या वतीनं हळूच म्हणाल्या. "शंभर टक्के का?"

काकांचा श्वास संथ चालला होता. त्यांनी खुर्चीत कूस बदलेपर्यंत मॅडम थांबल्या आणि मग, एखाद्या मुलाला थोपटावं तशा आवाजात म्हणाल्या, "उद्या सांगते."